पोच देणारी स्क्रिप्ट आणि सुमनताई

लाइन प्रिंटरची ती करकर अजून कानात आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या कंपनीत रुजू झालो, त्या दुपारी त्या करकरीपलीकडून कुणीतरी विचारलं, "जेवले का जी तुम्ही?" परक्या मुलखात नागपूर असं अवचित भेटलं. त्या सुमनताई गजभिये. कंपनीचं ई-मेलचं मशीन त्या सांभाळत.

स्क्रिप्टने, म्हणजे छोट्याशा प्रोग्रॅमने, आपोआप पाठवलेल्या प्रत्येक मेलखाली एका माणसाचं नाव हवं, हा त्यांचा दंडक. यंत्रावर रागावता येत नाही, म्हणून माणूस लागतो, असं त्या समजावत.

मी शाळेत कवितेच्या तासाला हरवून जाणारा, पत्रलेखनात पैकीच्या पैकी मिळवणारा. आलेल्या पत्राची पोच द्यावी, हे गुरुजींनी मनावर बिंबवलेलं. चाचण्यांचे निकाल सगळ्या विभागाला पाठवणाऱ्या माझ्या स्क्रिप्टलाही मी तेच शिकवलं: मेल आलं की यादीतल्या सर्वांना नम्र पोच. यादीत स्क्रिप्टचा स्वतःचाही पत्ता राहून गेला होता. एका शुक्रवारी ती स्वतःच्याच पोचेला पोच देत सुटली आणि दुपारपर्यंत साऱ्या कंपनीचं मेल ठप्प झालं.

ताईंनी ती थांबवली. सगळं एकदम पुसून टाकणं सोपं होतं. पण संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी पोचांच्या ढिगातून लोकांची खरी पत्रं एकेक वेचून काढली. मला एवढंच म्हणाल्या, "साठे, मशीनला इतकी आदब शिकवू नका जी. त्याला थांबणं कळत नाही."

आमचे अमेरिकन साहेब मात्र संतापले होते; प्रत्येक पोचेखाली नाव माझंच होतं. माझ्या नोकरीचं सोमवारी बघू म्हणाले. नोकरीबरोबर व्हिसाही गेला असता, आणि पत्नीला सातवा महिना होता.

ताईंना आता पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. शंभरी ओलांडतानाही त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत आणि जीभ अशीच तिखट राहो. हे मी इतकं मनापासून का मागतो, तेवढं सांगून थांबतो.

त्या रविवारी बाहेर गुडघाभर बर्फ साचला होता. आम्ही बॅगा भरायला घेतल्या होत्या. बेल वाजली. ताईच असतील म्हणून दार उघडलं, तर साहेब उभे. टोपीवरचा बर्फ झटकत, जरा अवघडून म्हणाले,

"उद्या कामावर ये. तुला काढलं तर सुमन राजीनामा देणार आहे. आणि हे मेलनं कळवायचं नाही, घरी जाऊन सांगायचं, असं तिनंच मला बजावलंय."