कासवाचा चेहरा

कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या आरान्हुएस वस्तीतल्या योर्लादिसला पुरुष आवडत नाहीत, असं कुणी म्हणालं तर खुशाल हसा. तिला पुरुष आवडायचे हो, पुरुषांनाच तिचं कपाट आवडत नव्हतं. बाई छत्तीस वर्षांची. दिवसभर कारखान्यात शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवायची आणि घरी येऊन फोमच्या चटया कापून स्वतःसाठी शिंगं, शेपट्या, चिलखतं करायची. पोरं त्याला कॉस्प्ले म्हणतात. तिची आई, दोन्या नोएमी, सरळ सोंगं म्हणायची.

शेवटचा आला होता तो विमा विकणारा. चांगला होता, नाचायचाही बरा. पण कपाट उघडलं, हिरव्या केसांचा टोप अंगावर पडला आणि म्हणतो कसा, "लग्नानंतर हे देऊन टाकशील ना?" योर्लादिसने त्याच्या हातात त्याची छत्री दिली.

"कपाटाशीच लग्न लाव आता," आई म्हणाली. "निदान घोरणार तरी नाही."

मग यंदाच्या कॉस्प्लेच्या मेळाव्यात तिला कासव भेटलं. डोक्यापासून पायापर्यंत कासवाच्या चिलखतातला माणूस. ही वेलींची राणी झालेली, तोंड हिरवंगार, बोटांना वीतभर नख्या. नोंदणीच्या रांगेत दोघं दोन तास उभे. कुठला गोंद लवकर सुटतो, कुठली चटई उन्हात वाकते, यावरच बोलले, आणि ती इतकी हसली की गालावरचा रंग तडकला. त्याचा आवाज शिरस्त्राणातून कढईत बोलल्यासारखा यायचा.

"रविवारी चार वाजता, चौकातल्या बेकरीत?" कासवाने विचारलं.

नंबर कोण देणार? राणीच्या पोशाखाला खिसाच नव्हता, फोन सामानघरात, आणि कासवाच्या हातात पंजे.

"दिसायला कसा आहे?" रविवारी आईने विचारलं.

"पाहिला नाही. पण तो मला ओळखेल ना!"

बाईने मनाशी पक्कं केलं होतं: हा आला नाही, तर टोप-शिंगं सगळी भाचीला देऊन टाकायची आणि शहाण्यासारखं जगायचं.

चार वाजता ती बेकरीत दाराजवळ बसली. स्वच्छ तोंड, इस्त्रीचा ब्लाउज, समोर बुन्युएलो, म्हणजे चीजचा तळलेला गोळा, आणि काळी कॉफी. शेजारच्या टेबलावर मोठ्या कानांचा एक टकलू. कुणी बाई आत आली की तो अर्धा उठायचा आणि परत बसायचा. बिचारा, हिला वाटलं, त्यालाही कुणी फसवलंय. साडेचार झाले. पाच झाले. बुन्युएलो थंड पडला.

ती पैसे देऊन निघाली. टकलूही निघाला होता, पण दारातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी अडला. डब्याचं गोल झाकण त्याने उचललं, उलटंपालटं केलं, खांद्यावर धरलं आणि वितीने मोजायला लागला.

"जड होईल," योर्लादिसच्या तोंडून निघून गेलं. "पट्टा तुटेल. कड कापा."

"कड कापली की आकार जातो," तो मागे न बघता म्हणाला. "गरम हवा मारून वाकवायचं."

तो हळूच वळला.

"तू हिरवी होतीस!"

"आणि तू कासव होतास!"

"तासभर मी हिरव्या बाईची वाट बघतोय!"

"मेळावा संपला की मी तोंड धुते रे, बाबा!"

"आधी झाकण जागेवर ठेवा," गल्ल्यावरची बाई ओरडली, "मग काय ते बोला."

त्याचं नाव दुबेरने होतं. बसची इंजिनं दुरुस्त करायचा. दोघं परत बसले, गरम बुन्युएलो मागवले, आणि योर्लादिसने आईला फोन लावला.

"आई, मला उशीर होईल."

"आला? कसा आहे?"

"कान मोठे आहेत."

"मग शिरस्त्राणात मावतात कसे?"

"त्याने आतून जागा कोरलीये."

"बरं," आई म्हणाली. "सावकाश ये. आणि त्याला विचार, माझं शिवणयंत्र अडतंय, बघेल का."