अडवणारे मास्तर

नववीच्या मास्तरांना पोरं पाठीमागे 'स्पीडब्रेकर' म्हणायची आणि त्यात पोरांचं काही चुकत नव्हतं. आठवीपर्यंत परीक्षा नाही आणि नापास तर नाहीच, असा नियम. वर्ष सरलं की पोर एक वर्ग वर. शाळाही तशीच बांधलेली. लहान पोरं तळाला, मोठी वर, आणि सगळ्यात वर, पत्र्याखाली, नववी. जिने चढत तिथवर आलेल्या पोराला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी "थांब" म्हणायचं. ते मास्तरांच्या वाट्याला आलं होतं. एरवी माणूस गरीब गाय. भाजीवाल्याने डोळ्यांदेखत कुजका टोमॅटो पिशवीत टाकला तरी घरी येऊन बायकोची बोलणी खाणारा.

दर उन्हाळ्यात ते मुख्याध्यापकांपुढे जाऊन उभे राहायचे. "साहेब, यंदा मला पाचवी द्या."

"पाचवी कुणीही शिकवेल हो. नववीला काळीज लागतं."

"माझं झिजलंय."

साहेब हसायचे, चहा मागवायचे. मास्तर चहा प्यायचे आणि पुन्हा पत्र्याखाली जाऊन बसायचे.

बायको त्याच शाळेत, तळमजल्यावर, चौथीला शिकवणारी. त्यामुळे घरातली भांडणंसुद्धा मजल्यांवरून चालायची. "खालून काय वाटेल ते वर पाठवून देता तुम्ही!" मास्तर म्हणायचे. बाई पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "पाठवतंय कोण? वर्ष संपलं की घेऊन जातात. दारात आडवी पडू का मी?"

असं सगळं चाललेलं असताना एका वर्षी मास्तरांची भाची त्यांच्या वर्गात आली. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक. घरात तिला मुंगी म्हणायचे, कारण ती असली तरी नसल्यासारखी. अक्षर मात्र असं, की शाळेच्या दर्शनी फळ्यावर सुविचार लिहायला तिलाच बोलवायचे. बहीण निर्धास्त झाली. "दादा, आता मला घोर नाही. घरचाच माणूस."

सहामाहीचे इतिहासाचे पेपर तपासायला घेतले तेव्हा मुंगीचा पेपर बघूनच मास्तरांना बरं वाटलं. पानं भरलेली, एक खाडाखोड नाही. मग ते वाचू लागले. पहिल्या प्रश्नाखाली पहिलाच प्रश्न लिहिलेला. त्याखाली पुन्हा तोच. दुसऱ्याखाली दुसरा. शेवटच्या पानापर्यंत तिने प्रश्नपत्रिकाच उतरवून काढली होती, सुंदर अक्षरात.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. "हे वाच बघू."

मुंगीने एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "मामा, हा 'क' आहे. आणि हा 'म'."

"आणि सगळं मिळून?"

तिने बोट उचलून घेतलं.

"इतकी वर्षं कुठल्या बाईंना कळलं नाही?"

"फळ्यावरचं मी बरोब्बर उतरवते. बाई छान म्हणतात."

"कोणत्या बाई?"

"सगळ्याच. मामीपण."

घरी मास्तरांनी तो पेपर बायकोपुढे ठेवला. भांडायची सगळी तयारी करून ठेवला होता. पण बाई शेंगा सोलायच्या थांबल्या आणि थांबल्याच. "हिच्या वहीवर मी चांदणी काढली होती," त्या म्हणाल्या. "वर्ग नुसता उतू जात होता हो. रडणारी दिसायची, मारामाऱ्या करणारी दिसायची. ही गप्प बसून लिहीत असायची." मग शेंगांचं ताट बाजूला सारून म्हणाल्या, "उद्यापासून तिला इकडे पाठवायला सांगा."

मुंगी रोज संध्याकाळी मामीच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. पहिलीच्या पुस्तकापासून सुरुवात. मास्तरांनी बहिणीला घरी बोलावून खरं काय ते सांगितलं, तशी ती उसळली. "नापास करशील तिला? तिच्या बाबांनी बजावून ठेवलंय, एकदा नापास झाली की शाळा बंद, दुकानात बसायचं." तिच्या नवऱ्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. "आजवर कुणी अडवलं नाही पोरीला, आणि अडवणार कोण, तर सख्खा मामा!"

"अगं, तिला वाचता येत नाही."

"म्हणून तर शाळेत घालतात ना, दादा!"

नवऱ्याच्या कानावर यातलं काही घालायचं नाही, अशी शपथ घालून बहीण गेली.

वार्षिक परीक्षा जवळ आली तोवर मुंगी बोट ठेवून वाचायला लागली होती. एकदा साबणाच्या पुड्यावरचं सगळं वाचलं आणि एकटीच हसली. पण साबणाचा पुडा वेगळा, नववीचा इतिहास वेगळा. वार्षिकला तिने चार-दोन ओळी स्वतःच्या लिहिल्या, बाकीचे प्रश्न उतरवले. मास्तरांनी तिलाच विचारलं, "मुंगे, नापास केलं तर चिडशील माझ्यावर?"

"नापास झाले तर मला चौथीत बसवतील?"

"नाही गं. परत नववीतच."

"हेच पुस्तक?"

"हेच."

"मग काय उपयोग?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. "पास करा," बाई म्हणाल्या. "दुकानात गेली तर संपलंच सगळं. शाळेत राहिली तर रोज येईल. मी बघते तिचं."

मास्तरांनी मुंगीला पास केलं. पुढचा पेपर काढला, तर तो बस धुणाऱ्याच्या पोराचा. त्यानेही प्रश्नच उतरवले होते, वर अक्षर गिचमिड आणि घरात मामी नाही. आता याला कुठल्या तोंडाने अडवायचं? त्यालाही पास केलं. त्याच्यामागून आणखी एकाला. एकदा हात सैल सोडल्यावर तो आवळायला जागाच सापडेना. सगळा वर्ग पास झाला.

मुख्याध्यापकांनी त्यांना सगळ्यांसमोर मिठी मारली. "नववीचा निकाल शंभर टक्के! आता तुम्हाला नववीतून हलवेन तर मी वेडा."

संध्याकाळी बहीण आणि मेहुणा मिठाईचा पुडा घेऊन आले. मेहुणा तर फुलून गेला होता. "दादा, मला उगाच शंका होती हो. मी म्हणायचो, पोरगी मख्ख आहे. चुकलो!" मुंगी भिंतीला टेकून बसली होती.

"आणि वहिनी," बहीण म्हणाली, "आता नाही हं हिला पाठवत. वर्षभर तुम्हाला ताप. दहावीसाठी मोठ्या क्लासात नाव घातलंय, संध्याकाळचाच. तिथे म्हणे हुशार पोरंच घेतात."

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मुंगीनेही बघितलं.

"येऊ दे की तिला," मास्तर म्हणाले. "मामीला सवय झालीय तिची."

"का हो दादा?" मेहुणा पुढे सरकला. "काही कच्चं आहे का तिचं? असेल तर स्पष्ट सांगा. तुम्ही तिचे मास्तर, तुम्हाला नाही तर कुणाला माहीत?"

निकालावर सही मास्तरांची होती. आणि सगळ्या वर्गाच्या निकालावरही त्यांचीच. बहीण नवऱ्याच्या मागून डोळ्यांनी त्यांना विनवत होती.

"नाही," मास्तर म्हणाले. "कच्चं काही नाही."

"मग झालं तर!" मेहुण्याने पुडा त्यांच्यापुढे सरकवला. "घ्या, मोठा तुकडा घ्या."

मास्तरांनी तुकडा उचलला. मुंगी उठली आणि दाराशी जाऊन चपला घालू लागली.