आत्याचं माहेरचं पातळ

ओसरीवर उन्हात टाकलेली बाज, बाजेवर उशीला टेकून बसलेली माझी आत्या आणि तिच्या पुढ्यात ओल्या मेथीचा हिरवागार ढीग... डोळे मिटले की आजही आधी हेच दृश्य उभं राहतं. उंद्रीजवळच्या आमच्या मळ्यातली भाजी दुपारी घरी यायची, आणि पोटाच्या कर्करोगाने अंगातलं सगळं बळ नेलं तरी आत्या जुड्या बांधायचं सोडत नसे. तिच्या सैल जुड्या आई तिला कळू न देता पुन्हा आवळून ठेवायची. मेथीचा तो कडसर वास, औषधांचा उग्र दर्प, आईने तिच्या पायांना चोळलेल्या तिळाच्या तेलाची ऊब – माझ्या बालपणातला एक अख्खा हिवाळा या गंधांत भिजलेला आहे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण; ती त्यांना बापू म्हणायची. पिंपळगाव राजाला दिलेली, विधवा, मूलबाळ नसलेली. डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हटल्यावर बाबा तिला आमच्याकडे घेऊन आले, आणि न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं – सगळं आईने आपल्याकडे घेतलं. नणंद-भावजयीचं पूर्वी काही फार गूळपीठ नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं की आत्या त्या आजारातही सुनावायची, आणि आईही ऐकून घेणारी नव्हती.

आमच्याकडे बाई गेली की तिला शेवटचं पातळ माहेरचं नेसवतात. एकदा आईकडून केस विंचरून घेता घेता आत्या म्हणाली, "मंदे, मी गेल्यावर बापू पातळ आनीन. सारा गाव पाहीन, अन् मलेच नाही दिसनार वं."

आईचा हात थबकला. संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, "अक्काचं पातळ आताच आना."

बाबा हादरले. "जित्या बाईले ते कोनी नेसवते का? लोक काय म्हनतीन?"

"लोकायचं राहू द्या. अक्काले पाहू द्या."

बाबा मान हलवत उठून गेले. पण बाजाराच्या दिवशी चिखलीहून आले ते पातळ घेऊनच – वांग्याच्या रंगाचं, पिवळ्या काठाचं. आत्याने ते नाकाशी धरून कोरा वास घेतला, काठावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "काठ बारीक हाय बापू. फसवलं तुले दुकानदारानं." बाबा हसू लागले आणि हसता हसता रडले.

आईने तिला ते नेसवलं. शेजारणी कुजबुजल्या; एकीने तर अशुभ म्हणून आपल्या पोरांना आमच्या ओसरीची बंदीच केली. आत्या मात्र आरसा मागून घ्यायची... पुढे दुसरं पातळ तिने फारसं अंगाला लागूच दिलं नाही. आई तेच धुवायची, वाळवायची, पुन्हा नेसवायची. धुऊन धुऊन ते मऊ झालं, पदरावर वरणाचा डाग राहिला.

थंडी ओसरत असताना एका सकाळी, आईच्या मांडीवर डोकं ठेवून आत्या गेली. सासरची माणसं आली. तिच्या थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, "माहेरचं पातळ कुठी हाय? कोरं लागते." नवं आणायला जावं म्हणून बाबा चपला शोधू लागले. आईने त्यांना थांबवलं आणि दोरीवरचं ते वांगी पातळ काढून आणलं.

"हेच माहेरचं. त्यायनं पाह्यलं, मिरवलं, नावं ठेवली. कोरं त्यायच्या वळखीचं नाही."

त्या साऱ्या बायांपुढे तशी ताठ उभी राहिलेली माझी आई पाहून मला भीती वाटत होती, आणि त्याहून कितीतरी जास्त अभिमान. जाऊबाई तो डाग बोटाने चाचपत राहिल्या. मग खाली बसल्या.

"निऱ्या मी घालते," त्या म्हणाल्या. "तिले उंच नेसलेलं आवडत नोतं."

त्याला किती हिवाळे लोटले... गावात अजूनही एखादी म्हातारी डोळ्यांवर हात धरून विचारते, "तू कोनाची वं?" आणि मी बाबांच्या आधी आईचं नाव सांगते.