तीन दिवसांचा नवरा

लग्नानंतर क्लिफ पहिल्यांदा बोटीवर निघाला, त्या सकाळी बेरिलने दोन चुका केल्या. त्याने उतरवलेला शर्ट तिने लगेच टबात भिजत घातला, आणि टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी राहून हात हलवत राहिली. सासू नेली समोरच्याच घरात राहायची. ती तरातरा रस्ता ओलांडून आली आणि टबातला शर्ट तसाच निथळता बाहेर काढला.

"अगं बये, निघाल्या दिवशी धुणं काढतं का कुणी? समुद्रात धुऊन टाकायचंय का माझ्या पोराला? आणि हात कसला हलवतेस? लाटेला आवतण देतेस?"

"मला कुणी सांगितलंच नाही, आई."

"आता सांगितलं. टॅक्सी आली की पाठ फिरवायची आणि चहाची किटली ठेवायची. गोदीवर जायचं नाही, रडायचं नाही. रडायचं तर परसात, कोळशाच्या कोठडीत. मी तिथंच रडायचे."

बेरिल इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या शहराच्या दुसऱ्या टोकाची. तिचा बाप ट्रॅमवर तिकिटं फाडायचा आणि रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला घरी यायचा. इथे हेसल रोडवर मात्र घरोघरी पुरुष ट्रॉलरवर, लांबच्या मासेमारी बोटींवर, होते. आइसलंड, बेअर बेट, श्वेत समुद्र, जिथे कॉड मासा तिथे बोट. तीन आठवडे समुद्रावर, तीन दिवस घरी, पुन्हा तीन आठवडे. नेलीचा नवरा असाच एका हिवाळ्यात गेला तो आलाच नाही. त्याच्याबद्दल ती बोलत नसे, फक्त त्याच्या खुर्चीत कुणाला बसू देत नसे.

बेरिल हळूहळू त्या रस्त्याची झाली. परसातल्या भिंतीला आकडा ठोकून ती बोटींसाठी जाळी विणायला शिकली. डांबर लावलेल्या सुतळीने बोटं काळी पडत, हिवाळ्यात चिरा पडत. शेजारणी बाजूला विणत असायच्या, तोंडं सुतळीहून जोरात चालायची. कुणाचा नवरा कुठल्या बोटीवर, कुठली बोट कुठवर आली, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. आणि जे ठाऊक नसेल ते रेडिओवरून कळायचं. रेडिओचा काटा अगदी टोकाला नेला की ट्रॉलरवाल्यांचं आपसातलं बोलणं खरखरत ऐकू यायचं. कप्तान एकमेकांना थापा मारायचे, इथे काही नाही रे बाबा, रिकामं जाळं वर येतंय. मासा कुठे लागलाय ते दुसऱ्याला कळू नये म्हणून. बेरिल कपबश्या विसळता विसळता ते ऐकायची. क्लिफ साधा खलाशी, पुढे डेकवरचा मुकादम झाला. त्याचा आवाज कधीच यायचा नाही. पण त्याच्या कप्तानाला खोकला यायचा. तो खोकला ऐकला की तिला वाटे, क्लिफ त्याच्यापासून दहा पावलांवर असेल.

त्यानंतर हवामानाचा अंदाज लागायचा. निवेदक एकेका समुद्राचं नाव घेई, वारा सांगे, पुढे जाई. शेवटी आग्नेय आइसलंड. तिथे तो काय म्हणेल तेवढ्यासाठी ती हातातलं काम थांबवायची. "वादळी वारा" म्हणाला की रात्री पलंगाच्या आपल्याच कडेला पडून राहायची. दुसरी कड क्लिफची. इतक्या वर्षांत ती चुकूनसुद्धा तिकडे सरकली नाही.

आणि मग तो यायचा. आदल्या दिवशी ती पायरी घासून पांढरी करायची, केसांना कागदी गुंडाळ्या लावायची, गोमांसाचा तुकडा भट्टीत जायचा. टॅक्सी थांबली की आधी वास यायचा, माशांचा, तेलाचा, थंडीचा. पहिला दिवस तो झोपून काढायचा. दुसऱ्या दिवशी आकाशी सूट, रुंद पायांची पँट, आणि दिवसभर टॅक्सी दारात उभी. कोपऱ्यावरच्या दुकानातून बटाट्याच्या गरम चिप्स आणायच्या तरी टॅक्सीनेच. पबमध्ये सगळ्यांना पाजायचं, मुलगी लिनला दोन-दोन बाहुल्या, बेरिलला कोट, हॉलमध्ये नाच. बेरिलच्या आयुष्यात असा नाचणारा माणूस दुसरा नव्हता. ती हसून हसून बेजार व्हायची. तिसऱ्या दिवशी दुपारपासूनच त्याचं बोलणं तुटक व्हायचं. पिशवी भरली जायची. सकाळी टॅक्सी, पाठ, किटली.

"तो इथे असला तरी मला त्याची आठवण येते," ती एकदा नेलीला म्हणाली. "तिसऱ्या दिवशी सकाळपासूनच."

"येणारच," नेली म्हणाली. "आपल्यासारख्यांना दुसरं काय येतं?"

अशी वीसेक वर्षं गेली. लिन लग्न करून लीड्सला गेली. मग आइसलंडने आपल्या किनाऱ्याभोवती दूरवर रेघ आखली आणि म्हटलं, यापुढे इथला मासा आमचा. बरीच भांडणं झाली, आरमारी बोटी गेल्या, शेवटी लंडनच्या साहेबांनी करारावर सही केली. ट्रॉलर एकामागून एक गोदीत येऊन उभे राहिले ते उभेच राहिले. क्लिफ त्या वसंतात पिशवी घेऊन घरी आला आणि चौथ्या दिवशीही घरीच होता.

बेरिलला आधी विश्वासच बसेना. याच दिवसासाठी तर तिने देवाला किती वेळा विनवलं होतं! आता वादळाच्या रात्री पाठीशी ऊब असेल. रविवारी तिघं जेवायला असतील, नेलीला धरून.

पण क्लिफला घरात राहता येत नव्हतं. चमचे कुठल्या खणात, हे त्याला माहीत नव्हतं. पहाटे मध्येच उठून तो पायमोजे चढवायचा, मग पलंगाच्या काठावर बसून राहायचा. दिवसा स्वयंपाकघरात तिच्या पाठोपाठ फिरायचा.

"किटलीत पाणी किती घालतेस तू! दोघंच तर आहोत."

"इतकी वर्षं मी एकटीच होते. तेव्हाही एवढंच घालत होते."

पुढे त्याला कॅरव्हान, मोटारीमागे ओढायची चाकांवरची घरं, बनवायच्या कारखान्यात काम लागलं. खिडक्यांना रबर बसवायचं. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तो घरी यायचा, तिच्या बापासारखा. आकाशी सूट कपाटात गेला. जेवताना तो हवेबद्दल बोलायचा, उद्या पाऊस दिसतोय. ती म्हणायची, हो, दिसतोय खरा. दोघंही एकमेकांशी फार अदबीने वागत. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांसारखे.

आणि बेरिलला कुणाची तरी आठवण यायला लागली. भांडी घासताना, पायरी घासताना आतून ओढ लागायची, टॅक्सी येईल, दार उघडेल. दार तर उघडायचं. आत यायचा तो दमलेला, हाताला रबराचा वास येणारा एक चांगला माणूस. तिला स्वतःची लाज वाटायची. समोर नेली रिकाम्या खुर्चीजवळ बसलेली दिसायची आणि आणखीच लाज वाटायची.

एका शुक्रवारी ती चिप्सच्या रांगेत उभी होती. पुढच्या बाईने वळून विचारलं, "काय गं, तुझ्या क्लिफने नाही म्हटलं म्हणे? आमचा तर लगेच तयार झाला."

"कशाला?"

"समुद्रातल्या तेलविहिरीवरच्या बोटीला! जुन्याच ट्रॉलरची पहारेकरी बोट केलीय. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. तुला बोलला नाही?"

बेरिल चिप्स घेऊन घरी आली, कागद टेबलावर उलगडला आणि उभ्यानेच म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

क्लिफला काय ते कळलं. त्याने व्हिनेगरची बाटली सरळ केली. "सांगायचं काय त्यात? नाही म्हटलं. झालं."

"का?"

"तू किती वर्षं एकटीने काढलीस. पुन्हा तेच कशाला?"

"मला विचारलंस?"

"विचारायचं काय? कुठली बायको म्हणेल, जा?"

बेरिल खुर्चीवर बसली. हेसल रोडवर मनातलं बोलायची कुणाला सवय नव्हती, तिलाही नव्हती. शब्द एकेक करून निघाले. "क्लिफ, मला तुझी फार आठवण येते. तू इथे बसलायस आणि मला तुझी आठवण येते. तो नाचणारा कुठे गेला?"

त्याने चिप्सच्या कागदाची कड दुमडली. मग म्हणाला, "मीही त्यालाच शोधतोय. गोदीवर जातो रोज, जेवणाच्या सुट्टीत. तुला बोललो नाही."

"मग जा बाबा. जाऊन बघ."

"तू राहशील?"

"राहायचं तर मला चांगलंच येतं."

चिप्स गार झाल्या होत्या. त्यांनी त्या तशाच खाल्ल्या.

तो गेला. नेली खिडकीतून बघत होती, पण या खेपेला काही बोलली नाही. बेरिलने तो महिना जुन्या सवयीने काढला, रेडिओजवळ. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून टोचतही होतं. महिन्याने क्लिफ आला. तिने मांस भाजलं होतं, केस केले होते. तो ताटावर बसला आणि काटा तसाच हातात धरून राहिला.

"जाळं नाही, बेरिल," तो म्हणाला. "मासाच नाही. तेलविहिरीच्या लोखंडी सांगाड्याभोवती आम्ही गोल फिरतो. कुणी पाण्यात पडलं तर काढायचं. महिनाभरात कुणी पडलं नाही. खिडकीतून मी रोज उत्तरेकडे बघायचो."

आणखी दोन खेपा त्याने केल्या आणि सोडून दिलं. कारखान्याने त्याला परत घेतलं.

त्यानंतरच्या एका रविवारी तीच म्हणाली, "चल, हेसल गावाला जाऊ." बसने ती दोघं नदीकाठी गेली. हंबर नदी तिथे समुद्राएवढी रुंद होते, पाणी चहासारखं तपकिरी. नव्या पुलाचे खांब उभे राहिले होते, वर अजून काही नव्हतं. वारा बोचरा होता. काठावर थोडी माणसं आपापल्या मोटारींत काचा लावून बसली होती आणि नदीकडे बघत सँडविच खात होती. या दोघांकडे मोटार नव्हती. ती दोघं बाकावर बसली. बेरिलने थर्मास उघडला.

"आग्नेय आइसलंड," ती म्हणाली. "दिसायला कसं आहे रे ते? मी फक्त नावच ऐकलंय."

क्लिफने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि त्याने घरी येऊन समुद्राचं नाव कधी काढलं नव्हतं. तसा रिवाजच नव्हता.

"काळं," तो म्हणाला. "किनारा काळा, वर बर्फ. उजाडताना तो बर्फ गुलाबी होतो. आम्ही डेकवर मासे साफ करत असायचो, हात बधिर. कप्तान ओरडायचा, वर बघू नका रे, हातातलं बघा. मी बघायचो."

"आणि मग?"

मग तो सांगायला लागला. दोऱ्यांवर साचलेला जड बर्फ कुऱ्हाडीने तोडल्याचं, जाळ्यामागे येणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांचं, स्वयंपाक्याच्या करपलेल्या पावाचं, आणि एका खाडीत आसऱ्याला थांबले असताना किनाऱ्यावरच्या एकाच घरात दिवा दिसला त्याचं. त्या घरात कोण असेल यावर सगळी बोट रात्रभर वाद घालत होती. सांगता सांगता त्याचे हात हलू लागले, आवाज चढला. बेरिल त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मोटारीतली माणसं काच खाली करून बघू लागली, हा एवढ्या मोठ्याने काय बोलतोय म्हणून.

"ऐकतेयस ना?" त्याने मध्येच विचारलं.

"ऐकतेय. दिवा कुणाचा होता?"

"ते आम्हाला कधी कळलंच नाही," क्लिफ म्हणाला, आणि पुन्हा नदीकडे, पाण्यापलीकडे जिथे काही दिसत नव्हतं तिकडे, बघू लागला.