अर्ध्या क्लचवरचे साडू

गेल्या कार्तिकात, भातकापणी चालू असताना, मढच्या वरच्या अंगाच्या चढावर माझ्या साडूंच्या जुन्या जीपचा क्लच जळाला. सकाळची वेळ होती. साडू तेव्हा एका शेतकऱ्याशी त्याच्या म्हशीविषयी बोलत होते.

साडू महाळुंगे पडवळचे. त्यांची पत्नी आणि माझी पत्नी सख्ख्या बहिणी, एवढाच आमचा संबंध. तरी ते मला 'पावणं' म्हणतात आणि दर भेटीत मी नुकताच लग्न करून आल्यासारखी माझी विचारपूस करतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत, वाटेत भेटलेल्या माणसाशी न बोलता ते पुढे गेल्याचं उदाहरण एक अपवाद सोडता मला सापडलेलं नाही. तो अपवाद पुढे येईल. ओळखीचा माणूस दिसला की ते थांबतात. अनोळखी दिसला तर जास्त वेळ थांबतात, कारण त्याचं गाव, आजोळ आणि सासरवाडी विचारून तो कोणाचा तरी कोण लागतो हे ठरेपर्यंत त्यांना पुढे जाववत नाही. नातं निघालं की ते त्या माणसाला गाडीत घेतात. त्याला जायचं कुठे आहे हा प्रश्न त्यानंतर येतो. जुन्नरला शाळेत निघालेल्या एका गुरुजींना त्यांनी एकदा थेट ओतूरला नेऊन उतरवलं होतं, कारण बोलणं अर्धं राहिलं होतं. गुरुजी तक्रार करत नाहीत. त्या दिवशी मुलीच्या स्थळाची चांगली माहिती मिळाली, असं ते सांगतात.

यात क्लचचा संबंध असा. बोलण्यासाठी थांबताना साडू इंजिन बंद करत नाहीत. "गाडी बंद केली की समोरच्याला वाटतं, हा आता मुक्कामाला आला," असं त्यांचं म्हणणं. हँडब्रेक ओढणं त्यांना तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. म्हणून चढ कितीही असो, ते क्लच अर्धा दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरतात आणि बोलतात. बाकीचे ड्रायव्हर हे क्षणभर करतात. साडूंनी असं अर्ध्या क्लचवर एक लग्न जुळवलं आहे आणि बांधाचं एक भांडण मिटवलं आहे. शिवाय कोणाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, कांद्याचा टेम्पो चरात गेला की ओढायला हीच जीप. जळका वास आला की ते म्हणत, शेजारच्या शेतात कोणीतरी पाचट पेटवलंय. हे ते भर पावसाळ्यातही म्हणत.

त्या सकाळी मात्र पाचट नव्हतं. इंजिन घोंघावत राहिलं आणि गाडी मागे सरकू लागली. म्हशीवाल्याने चाकामागे दगड लावला. साडूंनी त्याच्याशी चाललेला विषय पूर्ण केला आणि उरलेला चढ ते पायी गेले, कारण वर वाडीवर त्यांची थोरली बहीण, आक्का, राहते आणि तिला एक निरोप द्यायचा होता.

आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणसं त्या आवाजावरून ओळखत. तांदळातले खडे बोटांनी शोधत. महिन्याभरापूर्वी त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना काम निघे: कधी लावणी, कधी व्यायला आलेली गाय, कधी नातसुनेचं बाळंतपण. या खेपेस साडूंनी मंचरच्या दवाखान्यात आधी तारीख घेतली, पुढच्या गुरुवारची, आणि मग ते सांगायला गेले. आक्कांनी बराच विचार केला आणि होकार दिला. अट एकच घातली. बंद गाडीत त्यांना मळमळतं, डब्यात कोंडल्यासारखं होतं. तेव्हा नेणार असशील तर तुझ्या उघड्या जीपमधून ने, नाहीतर राहू दे. साडू हो म्हणाले. क्लच जळाल्याचं त्यांनी येताना दोन तालुक्यांत सगळ्यांना सांगितलं. आक्कांना तेवढं सांगितलं नाही.

जीप एका टेम्पोने ओढून आणली. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ती अंगणात होती आणि साडू खाली उताणे पडून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होते. मी म्हटलं, आक्कांना समजावून माझ्या भाच्याच्या कारमधून आणू. ते बाहेर आले.

"पावणं, तुमाला आक्का ठाऊक न्हाई. ह्या वक्ताला न्हाई म्हणली, तर परत हो म्हणायची न्हाई."

क्लच बदलायचा तर आधी गियरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्यासाठी त्यांच्याकडे जॅक नव्हता. जीपच्या दोन्ही कडांवर एक जाड बांबू आडवा टाकला, त्याला दोर बांधून गियरबॉक्स आतून टांगला आणि शेजाऱ्यांनी तो हळूहळू खाली सोडला. बांबूचं एक टोक माझ्याकडे होतं. क्लचप्लेट कोळशासारखी निघाली. तिच्यामागचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेलं जड लोखंडी चाक, तापून जागोजागी निळं पडलं होतं आणि त्याला केसासारख्या चिरा गेल्या होत्या. जुन्नरच्या एका गॅरेजमागे तसल्याच एका मोडीत निघालेल्या जीपचं फ्लायव्हील मिळालं. नवी प्लेट मंचरहून आणली. दुकानदाराने तिच्या एका बाजूला खडूने फुली मारून दिली: ही बाजू फ्लायव्हीलकडे.

त्या घरात नवी वस्तू पूजा केल्याशिवाय वापरत नाहीत. माझ्या मेहुणीने प्लेट पाटावर ठेवली आणि रीतीप्रमाणे आधी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली. मग हळदकुंकू वाहिलं. एक बाजू उपाशी राहू नये म्हणून उलटून दुसऱ्या बाजूलाही वाहिलं. साडूंनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, प्लेट पेट्रोलने पुसली आणि अंदाजाने बसवली. गियरबॉक्स वर चढला. मंगळवारी संध्याकाळी गाडी सुरू केली. साडूंनी क्लच पूर्ण दाबला; गियर पडेना, नुसता खरखरत राहिला. प्लेट उलटी बसली होती.

मेहुणी म्हणाली, "मला काय म्हाईत फुलीचं? तुमी बोलला व्हता का?"

साडू बोलले नव्हते. सगळ्या गावाला त्यांनी फुली दाखवली होती, घरात सांगायचं राहिलं होतं.

बुधवारी सकाळी पुन्हा बांबू आडवा पडला. त्या दिवशी साडू बोलले नाहीत. लोक आले, अंगणाच्या कडेला उभे राहिले, पावसाचं बोलले, कांद्याचं बोलले. जीपखालून हूं नाही की चूं नाही. एका म्हाताऱ्याने मेहुणीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाऊ बोलंना झालेत. कुणी गेलं का काय?" दुपारनंतर दोघीतिघी खरोखरच पदर सावरत भेटायला आल्या. संध्याकाळी गियर पडला. साडू गाडीखालून निघाले, हात धुतले आणि आलेल्यांची चौकशी करू लागले.

गुरुवारी पहाटे आम्ही दोघे निघालो. जुन्नर सोडल्यावर ओळखीचे हात वर होऊ लागले. साडूंनी मान हलवली, गाडी थांबवली नाही. मढच्या चढावर म्हशीवाला भेटला आणि त्याने हात केला. त्यालाही मागे टाकलं. आधी सांगितलेला अपवाद तो हाच. वाडीवर आक्का नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसल्या होत्या. गाय आजारी आहे, असं त्यांनी सांगून पाहिलं. साडूंनी त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. वाटेत त्यांना मळमळलं नाही. ऑपरेशन त्याच दिवशी, एका डोळ्याचं झालं.

शुक्रवारी सकाळी पट्टी निघाली. आक्का काळा चष्मा लावून दवाखान्याच्या पायऱ्यांवर आल्या. साडू जीप लावून पुढे झाले. आक्कांनी चष्मा वर केला आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बाळ, केस कवा पांढरं झालं रं तुजं?"

"धूळ हाय आक्का. रस्त्याची."

आक्कांनी पदराचं टोक ओलं केलं. साडूंनी मान खाली घातली. आक्कांनी त्यांच्या कानशिलावरचे केस पुसले, पुन्हा एकदा जोराने पुसले आणि पदर उलटून पाहिला. पदर स्वच्छ होता.