तथ्यात चूक असेल तर सांगा

माझी नात जिथे पत्रकारिता शिकते ते महाविद्यालय इतके लहान आहे की, कोणाचा निबंध कुठे अडला आहे हे तिथे भोजनगृहात सर्वांना ठाऊक असते. एका जुन्या मठाच्या वास्तूत ते भरते. विद्यार्थी तिथेच राहतात आणि तत्त्वज्ञान, जीवशास्त्र, इतिहास असे आवडतील ते विषय एकत्र अभ्यासतात. नातीने त्यांत पत्रकारिता निवडली, त्या संध्याकाळी डीमन या डच गावातल्या आमच्या घरात आम्ही नेहमीसारखे जेवायला बसलो. मुलगा अभियंता, सून संगणकक्षेत्रातली. बातम्या लिहून पोट कसे भरणार, हा प्रश्न दोघांनीही गिळला. वरण मात्र माझ्या पानात दोनदा वाढले गेले.

मी वाईचा. तिथल्या पाठशाळेत चाळीस वर्षे व्याकरण शिकवले. पत्नी गेल्यावर मुलाने मला इथे आणले. पहिल्या वर्षी मी एकटा फिरायला जात असे. मग एका पावसाळी दिवशी सायकलींच्या वाटेवर साचलेल्या पानांवरून घसरलो, शुद्ध हरपली आणि मनगट मोडले. आमच्या इमारतीचे दार आतून ढकलले की उघडते; बाहेरून येताना मात्र एक प्लॅस्टिकची चकती त्याला टेकवावी लागते. मी पडल्यानंतर माझी चकती सुनेने आपल्या पर्समध्ये ठेवून घेतली.

"अण्णा, उगाच हरवेल. आणि तुम्ही एकटे बाहेर पडलात की माझा ऑफिसात जीव थाऱ्यावर राहत नाही."

तिने हे इतक्या मायेने सांगितले की मी तिचे आभारच मानले. त्या दिवसापासून मला घराबाहेर जाता येत होते. घरात परत येता येत नव्हते.

हिवाळ्यात इथे सूर्य उगवण्याआधीच घर रिकामे होते. संध्येला बसून मी उजाडण्याची वाट पाहतो. खिडकीतून गाड्या लावण्याची जागा दिसते. तिच्या पलीकडे ढगांच्या मागे कुठेतरी तो नारायण असणार, असे मानून तुळशीच्या कुंडीत अर्घ्य सोडतो. जप होतो, पाठ होतो, पोथी वाचून होते. त्यानंतर उरलेला दिवस समोर तसाच उभा असतो. परमेश्वराने काही कमी दिलेले नाही, हे मी रोज स्वतःला सांगतो. जे रोज सांगावे लागते त्याच्याविषयी मला आता थोडी शंका येऊ लागली आहे.

अशा दिवसांत नात म्हणाली, "आजोबा, माझ्या क्लासला येशील? पाहुणे आलेले चालतात."

ती घ्यायला आली, आणि मी गेलो. एका लांब मेजाभोवती मोजकी मुले बसली होती आणि त्यांच्यातच, वेगळ्या आसनाविना, त्यांच्या उंच, करड्या केसांच्या शिक्षिका. त्या दिवसाचा विषय होता, मुलाखत कशी घ्यावी. "हो किंवा नाही एवढ्यावर संपेल असा प्रश्न विचारू नका," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आणि उत्तर संपले की लगेच बोलू नका. थांबा. माणसाला शांतता सहन होत नाही. ती भरण्यासाठी तो जे बोलतो, तेच तुम्हाला हवे असते." पुढे त्यांनी एक रीत सांगितली. या देशात लेख छापण्याआधी तो ज्याच्याविषयी आहे त्याला दाखवतात. त्याने फक्त तथ्यातली चूक दाखवावी. आपले शब्द आवडले नाहीत म्हणून ते काढून टाका, असे म्हणता येत नाही.

मला ती रीत फार आवडली. ग्रंथकाराने दुसऱ्याचे मत खोडण्यापूर्वी ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडले पाहिजे, हेच आम्ही शिकलो होतो. परतीच्या गाडीत मी नातीची मनापासून स्तुती केली. तिने ती संधी साधली.

"मग माझी पुढची असाइनमेंट तूच हो ना."

"माझ्यात छापण्यासारखे काय आहे?"

"ते मी ठरवते. तू फक्त बोल."

पुढच्या शनिवारी ती घरी आली. लहानपणी स्तोत्रे शिकायला बसत असे तशीच माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि फोन मध्ये ठेवला. तिचे मराठी घरातले आहे, ते तेवढ्यातच फिरते. पण प्रश्न नेमके होते. "आजोबा, सगळे गेले की तू काय करतोस?"

मी सांगितले. संध्या, जप, पोथी, दुपारचे दोन घास. उत्तर संपले. ती गप्प राहिली.

त्या शांततेची युक्ती मी वर्गात स्वतः ऐकली होती. तरीही फसलो. कारण पाठशाळेत शिष्य उत्तरानंतर गप्प राहिला, तर त्याला समजले नाही असे धरून गुरू पुन्हा समजावतो, अधिक उघड करून, उदाहरण देऊन. चाळीस वर्षे मी तेच केले होते. समोर मांडी घातलेले ते पोर, वर उचललेले तोंड आणि शांतता. मी समजावत गेलो. आधी खिडकी समजावली, मग दार. अखेरीस म्हणालो, "मला कोणी कोंडलेले नाही गं. पण बाहेर पडलो तर परत कसा येऊ? म्हणून मी आतच असतो. कैद्याला निदान माहीत असते की तो कैदी आहे."

एवढे झाल्यावर ती म्हणाली, "थँक यू, आजोबा," आणि फोन उचलला. तेव्हा कुठे मला आठवले की ही शिकवणी नव्हती.

बुधवारी मजकूर हाती आला. तो महाविद्यालयाच्या मुखपत्रात छापायचा होता; ते लहान असले तरी विद्यार्थ्यांच्या पालकांना ते पाठवले जाते, आणि माझा मुलगा त्यातला शब्द न् शब्द वाचतो. लेख सुरेख होता. मी लाल पेन घेऊन बसलो. तिने लिहिले होते की मी वेद शिकवत असे. तिथे व्याकरण केले. खिडकीतून कालवा दिसतो असे होते. तिथे गाड्या आणल्या. मी एकभुक्त, म्हणजे दिवसातून एकदाच जेवणारा आहे, असे होते. ते एकादशीपुरते केले. मग त्या वाक्यापाशी आलो. त्यात एखादी चूक सापडावी म्हणून मी ते नैयायिकासारखे तपासले, पदापदाने. चूक सापडेना. वाक्य माझेच होते आणि खरे होते.

तिचा फोन आला. "करेक्शन्स झाल्या?"

"झाल्या. एक वाक्य तेवढे…"

"कैद्याचं?"

म्हणजे तिलाही ठाऊक होते. "हो."

"चुकीचं आहे का ते?"

"चुकीचे नाही."

ती थांबली. या वेळी मीही थांबलो. तेवढे शिकलो होतो.

"आजोबा? आहेस ना?"

"आहे गं. जाणार कुठे?"

दोघेही हसलो. तिचे हसणे आधी थांबले. मग ती म्हणाली, "तू सांगितलंस तर मी टीचरशी बोलेन, नको छापायला म्हणून. पण आई-बाबांना वाईट वाटेल म्हणून ते खोटं आहे, असं नको सांगूस हं मला."

फोन ठेवल्यावर मी देवांसमोर बसलो. मागण्यासारखे काही सुचले नाही. छापू नका म्हटले तर खोटे बोलल्याचे पाप लागणार नव्हते, पण उद्या मुलाने "अण्णा, बरे आहात ना?" असे विचारले की "बरा आहे" म्हणायचे, हे पुन्हा सुरू होणार होते. छापू दिले, तर आपल्या घराविषयी त्याला परक्या लोकांबरोबर कळणार होते. ते मला योग्य वाटेना.

त्या संध्याकाळी जेवायला बसताना मी कागद मुलापुढे ठेवला. "तुझ्या मुलीने लिहिले आहे. छापण्याआधी वाच."

तो कौतुकाने वाचू लागला. "अण्णा, एकादशीचं काय मस्त लिहिलंय हो!" मग त्याचे हसू गेले. त्याने कागद सुनेकडे सरकवला. तिने वाचला आणि वाढायचा डाव पातेल्यातच ठेवला.

"कैदी? अण्णा, मी कैदेत ठेवलं तुम्हाला?"

"तू नाही गं."

"मग कोणी? चकती तर माझ्याकडेच आहे." तिचे डोळे भरले. "तुम्ही पडलात त्या दिवशी हॉस्पिटलात कोण होतं, ते नाही आलं यात."

ते खरेच आले नव्हते. मला नातीने विचारले नव्हते आणि मी सांगितले नव्हते.

"मला का नाही बोललात?" मुलगा म्हणाला.

"तू विचारले नाहीस." मला दोष द्यायचा नव्हता, पण शब्द बाहेर पडल्यावर तो दोषच झाला.

"बरं, मग विचारतो. तुम्हाला वाईला परत जायचंय?" आणि मी तोंड उघडण्याआधी तोच बोलू लागला. "तिथली खोली सोडलीत. आई नाही. पाठशाळेतले तुमच्या बरोबरीचे किती उरलेत? रात्री-अपरात्री काही झालं तर कोण बघणार?" एकही मुद्दा खोटा नव्हता.

"हो," मी म्हणालो. "जायचे आहे."

मुलाने खुर्ची मागे सरकवली. मग त्याने नातीला फोन लावून तो मेजावर ठेवला. "अजून काय काय म्हणाले गं आजोबा तुला?"

"बाबा, आजोबा तिथेच आहेत ना?"

"आहेत."

"मग त्यांना विचार ना. मला काय विचारतोस? आणि आई, हॉस्पिटलचं तू मला सांग. मी घालते त्यात."

सुनेने डोळे पुसले आणि फोन उचलून ती खिडकीपाशी गेली. हळू आवाजात ती सांगू लागली, रुग्णवाहिका कशी आली, माझे धोतर कसे चिखलात भरले होते, आणि मी शुद्धीवर येताच आधी जानवे कसे चाचपले. मुलाने माझ्या पानात भात वाढला, वर वरण घातले आणि कोपरे मेजावर टेकून तो माझ्या बोलण्याची वाट पाहत राहिला. भात निवत होता. भरल्या पानावरून मला उठता येण्यासारखे नव्हते.