दुखऱ्या पायाने आणलेली गौर

परवा नातीच्या हाताचं प्लास्टर कापताना भिजलेल्या चुन्यासारखा तो वास आला आणि डॉक्टरांनी तिला विचारलं, “चादर नुसती लागली तरी दुखतं का?” ती नाही म्हणाली. लहानपणी हाच प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी किती वाट पाहिली होती, ते आठवलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. लालबागच्या आमच्या चाळीखालून मोर्चा निघाला, वडील त्यात होते, आणि त्यांना बघायला जिना धावत उतरताना माझा घोटा मोडला. मी दहा वर्षांची होते. यथावकाश हाड जुळलं, प्लास्टर निघालं, दुखणं मात्र वाढतच गेलं. पाऊल थंडगार, जांभळट. परकराची कड घासली तरी आग व्हायची. चाळीने आपल्या पद्धतीने माया केली. कुणी दृष्ट काढली, कुणी लेप लावले, पाणी भरायला तर मला उठूच देईनात. मग तीच माणसं कुजबुजू लागली, की पोर शाळा चुकवायला सोंग करते. त्या आगीपेक्षा मला याचाच राग यायचा, अजूनही येतो.

परळच्या एका वयस्कर डॉक्टरांनी हाताची पालथी बाजू माझ्या दोन्ही पावलांना लावून पाहिली. आईला म्हणाले, “बाई, मुलगी खोटं बोलत नाही. हाड बरं झालं, पण नसा अजून ओरडताहेत. हा पाय जितका जपाल तितका रुसेल. रोज मऊ फडक्याने पुसा, सोसेल तसं खरखरीत टॉवेलने. चालू द्या, शाळेत पाठवा.”

आईने ते मनावर घेतलं. मी रडायची, ती पुसायची. भाद्रपदात तिने ठरवलं, यंदा गौर मीच आणायची, गावच्या पाणवठ्याऐवजी चाळीच्या नळावरून. आमच्या कोकणी घरांत गौर आणणाऱ्या मुलीचे पाय उंबऱ्याशी धुतात, कुंकू लावतात. म्हणजे सगळ्यांदेखत त्या पायाला हात लागणार. शेजारची काकी माझी बाजू घेऊन आईवर चिडली, “त्या चेडवाक कित्याक छळतंस गो?”

तेरड्याची गौर हातात घेऊन मी लंगडत गॅलरीभर चालत आले. आईने पाणी ओतलं, पाऊल ओंजळीत धरलं.

“दुखता?”

“व्हय.”

“माका म्हायत आसा. ये भितर.”

मी उंबरा ओलांडला. पाय पुरता बरा व्हायला दिवाळी उलटून गेली. आई जाऊनही आता खूप वर्षं झाली. या वयात काही ना काही दुखतच असतं, आणि ‘माका म्हायत आसा’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही. तरी सकाळी उठते आणि पाय जमिनीला टेकवते.